दरवर्षी पिवळं पडणारं, पानं गाळणारं बोन्साय: दुखणं ट्रेच्या आत शोधा

झाड धड मरत नाही आणि धड वाढतही नाही, अशा बोन्सायबद्दल हे आहे. लक्षणं बहुतेकांकडे सारखीच असतात. नवी पालवी येते, पण लहान आणि फिकी. काही आठवड्यांत आतल्या बाजूची पानं पिवळी पडून गळायला लागतात, बारीक फांद्यांची टोकं वाळतात. मग खत दिलं जातं, कीटकनाशक फवारलं जातं, झाडाची जागा बदलली जाते. झाड थोडं सावरतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. दरवेळी एखादी फांदी मात्र कायमची जाते, आणि वर्षानुवर्षं बसवलेला आकार हळूहळू विस्कटतो.

हे एकदाच झालं असेल तर कारण काहीही असू शकतं. पण तेच दुखणं दर हंगामाला परत येत असेल, तर ते पानांवर शोधत बसण्यात अर्थ नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होतं. अशा झाडांत बहुतेक वेळा बिघाड मातीच्या खाली असतो. एकतर मुळांना हवा मिळत नाही, किंवा पाणी घातल्यासारखं दिसतं पण मुळांच्या मधल्या भागापर्यंत पोचत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ट्रेमध्ये एकाच वेळी असू शकतात: तळ चिखल झालेला आणि खोडाखालचा भाग कोरडा ठणठणीत. वरून बघून हे कळत नाही, म्हणून पाणी कमी करा म्हणणारा आणि पाणी वाढवा म्हणणारा, दोघांचाही सल्ला फसतो.

आधी एवढं वगळा

पाइन आणि जुनिपर यांच्या आतल्या बाजूच्या जुन्या सुया ठरावीक काळानंतर पिवळ्या होऊन गळतात. शेंडे हिरवे आणि जोमदार असतील तर तो आजार नव्हे. फायकसच्या जातींना जागा बदललेली आवडत नाही. उजेडातून सावलीत नेलं की पानं टाकतात आणि नव्या उजेडाला जुळवून घेऊन पुन्हा पालवतात. मेपलसारखी पानगळीची झाडं थंडीच्या तोंडावर पिवळी-तांबडी होणारच. या तिन्हींत टोकं वाळत नाहीत आणि नवी वाढ लहान होत नाही. तुमच्या झाडात हे दोन्ही होत असेल तर पुढे वाचा.

तपासणी: पाणी घालताना दोन मिनिटं नुसतं बघा

सगळ्यात उपयोगी तपासणीला कुठलंही साधन लागत नाही. बारीक छिद्रांच्या झारीने पाणी घाला आणि हात थांबवून मातीकडे पाहा.

पाणी काही क्षणांत आत मुरलं आणि तळाच्या भोकांतून वाहायला लागलं, तर निचरा ठीक आहे. पाणी वर तळ्यासारखं साचून राहिलं आणि सावकाश खाली गेलं, तर मातीचे दाणे फुटून त्यांचा गाळ झाला आहे, किंवा मुळांनी सगळी जागा व्यापली आहे. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पाणी झटकन नाहीसं होतं, तळातून लगेच वाहतं आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात ते मुळांची ढेप आणि ट्रेची भिंत यांच्या फटीतून सरळ खाली गेलेलं असतं. ढेप कोरडीच. ओळखायचं कसं? पाणी घातल्यावर ट्रे उचलून बघा. पूर्ण भिजलेल्या ट्रेचं वजन हाताला एकदा माहीत झालं की नंतर चुकत नाही.

दुसरी तपासणी काडीची. रंग किंवा पॉलिश नसलेली बांबूची काडी खोडापासून दोन बोटांवर तळापर्यंत खुपसा आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. काढल्यावर ती कुठपर्यंत ओली आहे ते पाहा. एक काडी कडेला आणि एक खोडाजवळ, अशा दोन लावल्या तर चित्र स्पष्ट होतं. कडेची ओली आणि खोडाजवळची कोरडी निघाली, तर ढेपेचा गाभा कोरडा आहे. दोन्ही काड्यांची टोकं काळपट, ओलीचिंब आणि कुबट वासाची असतील, तर तळ सडतो आहे. काडी शिरतच नसेल, तर तेच उत्तर समजा: मुळं आणि गाळ यांचं दगडासारखं घट्ट मिश्रण झालं आहे.

एवढ्यानंतरही शंका असेल तर झाड ट्रेतून बाहेर काढून बघा. बांधलेल्या तारा कापा, कडेने पातळ सुरी फिरवा आणि ढेप न मोडता खोडाला धरून तिरकं उचला. निरोगी मुळं कडक असतात आणि वाढीच्या दिवसांत टोकं पांढरी किंवा फिकट दिसतात. सडलेलं मूळ काळपट आणि मऊ लागतं. चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं सुटून येतं आणि आत नुसता दोरा उरतो. पाइनच्या मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊन टाकू नका. ती बहुधा मुळांबरोबर सहजीवनात राहणारी उपयोगी बुरशी असते, तिला जमिनीतल्या अळंबीसारखा वास येतो. पांढरे ठिपके कापसासारखे आणि मेणचट असतील, ट्रेच्या आतल्या भिंतीलाही चिकटलेले असतील, तर मात्र तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. त्याचं पुढे येईलच.

उथळ ट्रेची अडचण नेमकी काय आहे

हे समजलं नाही तर उपाय पाठ करून उपयोग नाही, म्हणून थोडं सविस्तर.

मुळांनाही श्वास लागतो. त्यांना ऑक्सिजन हवा असतो आणि तो मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेतून येतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. म्हणजे ती मोकळी जागा पाण्याने भरून राहिली की मुळांचा श्वास जवळपास बंदच. काही तास चालतं. दिवसेंदिवस तसंच राहिलं की बारीक मुळं मरतात, आणि पाणी शोषणारी तीच असतात. म्हणून पाण्यात बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच कोमेजतं, आणि माणूस आणखी पाणी घालतो.

आता एक भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवून आडवा, तळहातावर सपाट धरा. थेंब थांबेपर्यंत वाट पाहा. मग तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होतं. निचरा झाल्यावर तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो आणि त्या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. कण जितके बारीक, तितका हा थर उंच. खोल कुंडीत त्या थराच्या वर मुळांना भरपूर जागा उरते. चार-पाच सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमध्ये बारीक माती भरली, तर तो थर जवळजवळ वरच्या कडेपर्यंत येतो आणि सगळी मुळं त्यातच राहतात. जी बागेची माती मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षं चालते, ती बोन्सायच्या ट्रेमध्ये झाड मारते, याचं कारण एवढंच आहे. मातीत दोष नसतो, खोलीत असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तळाशी खड्यांचा थर घातला की निचरा सुधारतो हा समज सोडून द्या. वरची माती बारीक असेल तर पाणी तिच्यातच अडकून राहतं. खड्यांनी तो ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. दोन, तातडीचा उपाय म्हणून पाणी घातल्यावर ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा ठेवून तो तिरका करा. उभ्या स्पंजाचं तत्त्व इथे कामाला येतं आणि अडकलेलं बरंच पाणी निघून जातं. रिपॉटिंगचा, म्हणजे झाड बाहेर काढून मुळं छाटून नव्या मिश्रणात पुन्हा लावण्याचा, मोसम लांब असेल तर एवढ्यावरही झाड तग धरतं. दिसायला वेडंवाकडं दिसतं, पण प्रदर्शन थोडंच आहे.

कोरडा गाभा

हा बिघाड जुन्या झाडांत जास्त. खोडाच्या बरोबर खाली, जिथे आपण रिपॉटिंग करताना भीतीने हात घालत नाही, तिथली माती वर्षानुवर्षं तीच राहते. भोवती नवं दाणेदार मिश्रण आणि मध्ये जुना घट्ट गोळा. पाणी सोप्या वाटेने, दाणेदार भागातून निघून जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा तत्सम सेंद्रिय माल पूर्ण वाळला की पाणी धरण्याऐवजी लोटतो, म्हणून एकदा कोरडा पडलेला गाभा रोजच्या पाण्याने ओला होतच नाही. परिणाम वर दिसतो तो असा: शेंड्याकडची फांदी वाळते, किंवा ज्या मुळाशी जी फांदी जोडलेली आहे तेवढीच बाजू जाते. जुनिपरमध्ये हे फार दिसतं, कारण त्यात एका मुळाचा एका फांदीशी सरळ संबंध असतो.

तात्पुरता उपाय: ट्रे कडेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून तिरका करून निथळू द्या. त्यानंतर बांबूच्या काडीने खोडाभोवती तळापर्यंत, फिरवत फिरवत, काही भोकं पाडा आणि त्यांत बारीक दाण्यांचं कोरडं मिश्रण ओता, म्हणजे पाण्याला आत जायला वाट राहील. रोज पाणी देताना एकदम न ओतता आधी हलकं शिंपडा, पाच मिनिटांनी पुन्हा भरपूर द्या. पहिल्या पाण्याने माती पाणी घ्यायला तयार होते, दुसरं आत जातं. रोज ट्रे बुडवून ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नका. क्षार तसेच राहतात आणि तळ कायम ओला राहतो.

जपानमधल्या बोन्सायवाल्यांत म्हण आहे की पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात. झारी धरायला काही तीन वर्षं लागत नाहीत. आज हे झाड किती पाणी प्यायलं आणि का, हे ओळखायला लागतात. ठरलेल्या वेळी ठरलेला तांब्या ओतणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

खरा उपाय: मुळं मोकळी करणं

वरचे सगळे उपाय वेळ काढण्यासाठी. दुखणं थांबवायचं असेल तर रिपॉटिंग नीट करावं लागतं, आणि नीट म्हणजे नुसतं एका ट्रेतून दुसऱ्यात नव्हे.

वेळ झाडाच्या जातीवर ठरते. पानगळीच्या झाडांसाठी डोळे फुगून पान उलगडण्याआधीचे दिवस. पाइन-जुनिपरसाठी वाढ सुरू होण्याच्या सुमारास. फायकस, बोगनवेल, जेड अशा उष्ण हवामानाच्या झाडांसाठी रात्रीही ऊब असते आणि वाढ जोरात असते ते दिवस. थंडीत त्यांच्या मुळांना हात लावू नका. जेडच्या बाबतीत काम कोरड्या मातीत करा आणि कापलेली मुळं सुकू देऊन काही दिवसांनी पाणी द्या, बाकीच्यांना लगेच लागतं.

मिश्रणात काय घालता यापेक्षा कण किती मोठे आणि किती टिकाऊ, हे महत्त्वाचं. जपानमध्ये आकादामा नावाची दाणेदार माती वापरतात, सोबत प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि लाव्हा खडक. आकादामाची ख्याती योग्यच आहे, पण तीही काही वर्षांत फुटून गाळ होते. भाजलेल्या विटेचे तुकडे, प्युमिस, चाळलेला कठीण खडा यांवरही उत्तम झाडं उभी आहेत. साधारण 3 ते 6 मिलिमीटरचे कण घ्या, छोट्या झाडांना थोडे बारीक. 2 मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल ती सगळी धूळ फेकून द्या. हे चाळणं कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच हात आखडतात. निम्मं अपयश या धुळीत असतं, कारण मोठ्या दाण्यांमधली मोकळी जागा तीच भरून टाकते. सेंद्रिय भाग हवाच असेल तर थोडा ठेवा. ज्याला दिवसातून दोनदा पाणी घालणं शक्य नाही त्याने थोडा जास्त. बारीक वाळू मात्र नको. निचऱ्यासाठी म्हणून घालतात आणि उलटंच होतं.

झाड बाहेर काढल्यावर ढेपेची कड आणि तळ आधी मोकळा करा. मुळं विंचरायच्या आकड्याने खोडाकडून बाहेरच्या दिशेने, केस विंचरताना टोकांकडून सुरुवात करतो तसं. गोल फिरलेली लांब मुळं कापा, जाड खाली जाणारी मुळं आखूड करा. सडकं सगळं कापा, निरोगी ऊतकापर्यंत. निरोगी मुळांपैकी साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी काढू नका. फायकस याहून जास्त सोसतो, पण आजारी फायकसला ती परीक्षा कशाला.

सूचिपर्णी झाडांचं तंत्र वेगळं. पाइन किंवा जुनिपरची सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका. ढेपेचा अर्धा भाग, डावा किंवा उजवा, खोडाच्या खालपर्यंत पूर्ण मोकळा करा आणि दुसऱ्या अर्ध्याला हातही लावू नका. उरलेला अर्धा पुढच्या रिपॉटिंगला, मध्ये एक-दोन वर्षं जाऊ देऊन. झाडाला एका वेळी निम्मी मुळं कायम कामाची राहतात आणि दोन खेपांत कोरडा गाभा पूर्ण बदलला जातो. कुठल्या बाजूचं काम झालं याची नोंद ठेवा. ट्रेच्या तळाला खडूने खूण केली तरी चालेल, पण स्मरणावर विसंबू नका.

ट्रेत बसवताना झाड तारेने तळाला घट्ट बांधा. वाऱ्याने किंवा हाताच्या धक्क्याने हलणाऱ्या झाडाची नवी, केसाएवढी मुळं रोज तुटतात, आणि सगळं नीट करूनही झाड का धरत नाही याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. खोडाला धरून ट्रे हलवून पाहा. झाड आणि ट्रे एकत्र हलले पाहिजेत. मिश्रण काडीने मुळांच्या मध्ये सरकवा, पोकळी राहू देऊ नका, पण ठोकून दाबूही नका. शेवटी तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत घाला. सुरुवातीला गढूळ येतं, ती उरलेली धूळ.

नंतरची काळजी: काही आठवडे वाऱ्यापासून आडोसा आणि सौम्य उजेड. नवी वाढ दिसेपर्यंत खत नाही. पानांवर अधूनमधून पाण्याचा हलका फवारा चालेल. एक मत ठामपणे सांगते, जे सगळ्यांना पटत नाही: आजारी झाडाला कात्री लावू नका. आकार बिघडतोय म्हणून शेंडे खुडणं, पानं लहान व्हावीत म्हणून सगळी पानं उतरवणं, तार चढवणं, हे सगळं पुढच्या वर्षी. नवी मुळं पानांनी तयार केलेल्या साखरेवर वाढतात. वाळलेलं तेवढं काढा, बाकी झाड झुडपासारखं वाढू द्या. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी काही महिने दुसऱ्या झाडाकडे बघावं.

मोसम चुकलेला आहे आणि झाड डोळ्यांसमोर जातंय, अशी वेळ आली तर? मुळं न कापता, ढेप न विस्कटता, झाड मोठ्या, खोल आणि भरपूर भोकांच्या खोक्यात ठेवा आणि चारही बाजूंनी मोठ्या दाण्यांचं मिश्रण भरा. खोली वाढल्याने ढेपेतलं पाणी खाली ओढलं जातं आणि मुळांना बाहेर पळायला जागा मिळते. मात्र ढेप आतून कोरडी पडते आहे का, हे काडीने तपासत राहा. बोन्साय ट्रेमध्येच राहिलं पाहिजे असा काही नियम नाही. कित्येक नामांकित झाडांनी मोठ्या खोक्यांत वर्षं काढलेली असतात.

मुळं निरोगी निघाली तर

मग पुढचा संशयित पाणी. पिवळेपणा कुठून सुरू होतो ते बघा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची टंचाई. मातीत लोह नसतं असं नाही. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मिश्रणाचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) चढतो आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. अझेलियासारख्या आम्लप्रिय झाडांत हे हमखास. साधं लोहाचं खत घालून काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा बांधलेल्या रूपातलं लोह, घ्या, आणि पीएच चढलेला असेल तर ईडीटीए प्रकारापेक्षा ईडीडीएचए प्रकारातलं, कारण ते जास्त पीएचलाही टिकून राहतं. पावसाचं पाणी साठवून दिलं तर मूळ कारणच कमी होतं. जुनी पानं सरसकट पिवळी आणि नवी ठीक असतील तर नत्राची कमतरता. दाणेदार मिश्रणात खत टिकत नाही, म्हणून वाढीच्या दिवसांत थोडं थोडं, नियमित द्यावंच लागतं. जुन्या पानांतच शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम.

पानांच्या कडा आणि टोकं करपत असतील आणि ट्रेच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साचले आहेत. खत थांबवा आणि काही दिवसांच्या अंतराने भरपूर साधं पाणी तळातून वाहू द्या.

किडींपैकी पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोनच सांगते. लाल कोळी: फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, धुळीसारखे ठिपके चालायला लागले तर तोच. कोरड्या गरम हवेत वाढतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा अनेक दिवस देणं हा अर्धा उपाय आहे. कीटकनाशक वापरायचं झालं तर कोळीनाशकच घ्या, कारण कोळी हा कीटक नाही आणि साधं कीटकनाशक त्याचे शत्रू तेवढे मारतं. दुसरा, मुळांवरचा पिठ्या ढेकूण. वरून फवारून तो मरत नाही. रिपॉटिंगच्या वेळी जुनी माती पूर्ण फेकून द्या, ट्रे उकळत्या पाण्याने धुवा, मुळं धुऊन घ्या आणि झाड काही काळ बाकीच्यांपासून लांब ठेवा. सूचिपर्णी असेल तर मुळं धुण्याऐवजी मुळांतून शोषलं जाणारं औषध मातीत द्यावं लागतं.

एवढं करूनही काही वर्षांनी परत येतं

येणारच. दाणे फुटतात, मुळं जागा भरतात, आणि आज जो ट्रे झरझर पाणी सोडतो तो तीन-चार वर्षांनी अडवायला लागतो. कोवळा, जोमदार फायकस दर एक-दोन वर्षांनी मोकळा करावा लागतो, मेपल दोन-तीन, जुने पाइन तीन ते पाच किंवा त्याहून उशिराने. आकडे नुसते अंदाजाचे. खरी सूचना पाणीच देतं. मुरायला वेळ लागायला लागला की पुढच्या मोसमाची तयारी करायची, पानं पिवळी होण्याची वाट बघायची नाही.

या छंदात लोक आयुष्य घालवतात असं म्हटलं की डोळ्यांसमोर तार, कात्री आणि आकार येतो. प्रत्यक्षात त्या आयुष्याचा मोठा भाग माती चाळण्यात आणि मुळं विंचरण्यात जातो. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेला. 6 ऑगस्ट 1945 ला तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशाला होता आणि बॉम्बमधून वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला, आणि त्याची ही हकिगत तिथल्या लोकांना 2001 मध्ये त्यांचे नातू भेटीला आले तेव्हा कळली. सगळे बॉम्बबद्दल बोलतात. मला नवल वाटतं ते उरलेल्या शतकांचं, ज्यांत कुठल्याच पिढीने मुळांची पाळी चुकवली नसणार. एका पिढीने दहा-पंधरा वर्षं कंटाळा केला असता तर बॉम्बची गरजच पडली नसती.

म्हणून प्रत्येक झाडासाठी वहीत एक पान ठेवा: रिपॉटिंगची तारीख, मिश्रण काय, किती मुळं काढली, कुठली बाजू, आणि पुढे पाणी मुरायला लागणारा वेळ. दोन-तीन फेऱ्यांत त्या झाडाचा स्वतःचा हिशेब कळतो, आणि मग माझे वरचे आकडे विसरलात तरी चालेल.

जुनिपरबद्दल वेगळं

जुनिपरला वरचं वेळापत्रक लावताना सावध राहा, कारण तो फार उशिरा बोलतो. मुळं मेल्यानंतरही कित्येक आठवडे पानं हिरवी दिसतात. रंग उतरून राखाडी झाला म्हणजे घटना जुनी आहे. म्हणून जुनिपरमध्ये रंगापेक्षा शेंडे बघा: वाढीच्या दिवसांत टोकांना फिकट हिरवी नवी वाढ दिसत नसेल, तर रंग कितीही चांगला असो, काडीची तपासणी त्याच दिवशी करा. शंका आली की नखाने बारीक फांदीची साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. पाणी सांभाळा, सौम्य उजेडात ठेवा, खत आणि कात्री लांब. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खोडाकडे सरकत सरकत हिरवं कुठे लागतं ते शोधा. तिथपासून पुढची फांदी गेली. ती बुडापासून कापण्याची घाई करू नका. जुनिपरची वाळलेली फांदी साल सोलून पांढऱ्या लाकडाच्या रूपात ठेवता येते, पण ते काम झाड पुन्हा जोमाने वाढायला लागल्यावर.